गुप्तदानाची टोपली

दीपमाला टीचरांच्या दुसरीच्या वर्गात यापुढे जिवंत काहीही ठेवायचं नाही, असा हुकूम सुटला तो बेडकांमुळे. खरं तर ते अजून बेडूक झालेच नव्हते. शेपट्या वळवळवणारी काळी पिल्लं होती, टीचरांनी डबक्यातून बरणीत भरून आणलेली. ती वाढली, बरणीत दाटी झाली, तेव्हा मुलांना त्यांची दया आली. मुलांनी आवारातलं सगळ्यात स्वच्छ आणि शांत पाणी शोधून काढलं. ते चर्चमधल्या संगमरवरी कुंडात होतं. रविवारी बाप्तिस्म्याचं बाळ एका हातावर घेऊन पाळकसाहेबांनी दुसरा हात त्या पाण्यात घातला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून बाळाच्या आधी बाळाची आजी रडायला लागली.

सोमवारी शाळेचे मॅनेजर उजागरे सर वर्गात आले. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत चर्च, चर्चच्या आवारात चौथीपर्यंतची शाळा, आणि दोन्हीकडची शिस्त उजागरे सरांकडे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. एका वर्षी नाताळच्या पत्रिकेवर त्यांच्या नावाआधी 'श्री. शां. रा.' छापायचं राहिलं, म्हणून त्यांनी सगळ्या पत्रिका छापखान्यात परत पाठवल्या होत्या. लोकांना नाताळचं आमंत्रण सव्वीस डिसेंबरला मिळालं, पण पूर्ण नावानिशी मिळालं.

"टीचर, विज्ञानाला माझा विरोध नाही," सर म्हणाले. "पण विज्ञान पुस्तकातच बरं दिसतं. यापुढे वर्गात जिवंत काहीही दिसलं, तर तुमच्या त्या कोपऱ्याला कुलूप. तिथे आपण जुनी हार्मोनियम ठेवू."

कोपरा म्हणजे एक मोडकं कपाट आणि त्याच्यापुढे एक पडदा. आत लोहचुंबक, भिंग, गांधीलमाशीचं रिकामं घर, कापसात रुजत घातलेली मटकी. पण टीचरांचा सगळा जीव त्या पडद्यामागे होता. कोपरा होण्याआधी दुसरीतली मुलं जे सांगाल ते एका सुरात म्हणायची आणि घरी जायची. मेहविश नावाची मुलगी तर अख्खा जून महिना एक अक्षर बोलली नव्हती. जुलैत भिंगातून गोगलगाय पाहिल्यावर तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, "टीचर, हिला मुलं झाली की ती कुठल्या घरात राहतात?" त्यानंतर ती थांबलीच नव्हती. त्या कोपऱ्यात हार्मोनियम आली, तर ही पोर पुन्हा गप्प होईल, याची टीचरांना खरीखुरी भीती वाटत होती.

तरीही दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी अंडी आणली. ज्याला विज्ञानाचं वेड लागतं त्याला हुकमांच्या फटी बरोबर सापडतात.

अंडी दिली नवसाबाईंनी. त्या शाळेत झाडलोट करायच्या आणि मखमलाबादहून येऊन-जाऊन असायच्या. घरी कोंबड्या होत्या.

"दुकानातली नुसती खायाची असत्यात बाई," नवसाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं कोंबडा हाय. ह्याच्यात जीव हाय."

"हळू बोला, नवसाबाई. जीव वगैरे म्हणू नका."

पडद्यामागे टीव्हीचं रिकामं खोकं आलं. त्यात गवत, पिवळा बल्ब, पाण्याची वाटी आणि तापमापक. मुलं भोवती गोल करून बसली.

"टीचर, अंडं जिवंत असतं का?" मेहविशनं विचारलं.

"आपण एकवीस दिवस बघू आणि मग ठरवू," टीचर म्हणाल्या. हे उत्तर शास्त्रीय होतं आणि सोयीचंही होतं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, लाइट रोज काही तास जायची. सगळं नाशिक वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडत होतं, पण दुसरीचा वर्ग मात्र लाइट जायची वाट बघायचा. खिडक्या लावल्या की अंधार व्हायचा, टीचर अंड्याला टॉर्च लावायच्या, आणि कवचाच्या आत तांबड्या रेषांचं जाळं दिसायचं. आठवड्यानं त्या जाळ्यात एक काळा ठिपका हलला. पाळकसाहेबांच्या राजनं त्या दिवशी घरी जेवताना अंडाकरी समोर आल्यावर आईकडे टॉर्च मागितली.

कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला होता, 'आमची अंडी'. अंडी कुणाची? नवसाबाईंची. आणली कोणी? टीचरांनी. उबवली कोणी? ही जागा रिकामी होती, कारण राजचं मत 'बल्ब' असं होतं आणि मेहविशचं म्हणणं होतं की बल्ब कोणी नसतो, तो काही तरी असतो. शेवटी पिल्लं आल्यावर लिहायचं ठरलं. शिवाय टीचरांनी सांगितलं होतं, की पिल्लू बाहेर येतं तेव्हा आधी ज्याला बघतं, ज्याचा आवाज ऐकतं, त्यालाच आई समजतं आणि त्याच्या मागे मागे जातं. तेव्हापासून आई कोणी व्हायचं यावरून वर्गात रोज एक भांडण होत होतं आणि त्यात मुलगे आघाडीवर होते.

अशातच एके दिवशी उजागरे सर अचानक वर्गात आले. पडद्यातून पिवळा उजेड येत होता. त्यांनी पडदा बाजूला केला. 

सरांनी खोकं पाहिलं, गवत पाहिलं, गवतावर पसरलेला उजेड पाहिला. अंडी गवताखाली होती. सरांचा चेहरा हळूहळू उजळला.

"बाळ येशूची गव्हाणी," ते म्हणाले. "नाताळला महिना आहे आणि तुमचा देखावा तयारसुद्धा. याला म्हणतात शिस्त. बल्ब मात्र जरा मोठा लावा."

ते गेले. टीचरांनी पडदा पुन्हा ओढून घेतला.

"टीचर, आपण खोटं बोललो का?" मेहविशनं विचारलं.

"आपण काही बोललोच नाही."

"मग न बोलणं खोटं असतं का?"

टीचरांनी पाढे घ्यायला सुरुवात केली.

पिल्लं सोमवारी यायची होती आणि आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये कापणीचा सण होता. या सणाला मंडळी आपल्या शेतातलं, परसातलं, नाहीतर घरात केलेलं काहीतरी देवासाठी आणतात. द्राक्षाच्या पेट्या, कांद्याच्या गोण्या, भोपळे, डब्यातले लाडू, एखादी पाय बांधलेली कोंबडी. ते सगळं वेदीसमोर मांडायचं, प्रार्थना करायची आणि मग मांडवात त्याचा लिलाव करायचा. गंमत अशी, की घेतलेली वस्तू बहुतेक जण घरी नेत नाहीत. 'परत देवाला' म्हणतात, आणि ती पुन्हा लिलावात येते. एकेक भोपळा दिवसभर असा फिरतो की शेवटी त्याला सगळे ओळखायला लागतात.

हे सगळं सामान शनिवारी जमा करायची जागा म्हणजे दुसरीचा वर्ग, आणि नेमकं शनिवारी टीचरांना मावसबहिणीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला जाणं भाग होतं. त्यांनी नवसाबाईंना पुन्हा पुन्हा बजावलं.

"संध्याकाळी लाइट जाईल. गेली की अंडी टोपलीत ठेवा. खाली गवत आणि वरून माझी लोकरी शाल गुंडाळा. लाइट आली की परत खोक्यात."

नवसाबाईंनी अगदी तसंच केलं. फक्त लाइट आलीच नाही, आणि मखमलाबादची शेवटची बस काही लाइटसाठी थांबणारी नव्हती. टोपली उबदार होती. ती बाकावर ठेवून नवसाबाई निघाल्या.

त्यानंतर मेणबत्ती घेऊन कुंदन आला. कुंदन हा तरुण संघाचा उत्साही कार्यकर्ता, आठवडाभर लासलगावच्या मार्केटमध्ये कांद्याचा लिलाव पुकारायचा आणि सणाला चर्चचा. त्यानं बघितलं तर सगळ्यांच्या वस्तू पिशव्यांत आणि गोण्यांत, आणि एकच टोपली अशी, की खाली गवत, त्यात गावरान अंडी, वर शाल. देणाऱ्याचं नाव नाही. कुंदनला गहिवरून आलं. त्यानं टोपलीला लाल रिबन बांधली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'गुप्तदान'. दोन-तीन अंड्यांना बारीक चीर गेलेली दिसली, ती त्यानं खाली दडवली आणि चांगली वर मांडली. मार्केटची सवय होती ती.

रविवारी सकाळी टीचर एसटीतून उतरून बॅगेसकट थेट वर्गात आल्या. खोक्यात बल्ब जळत होता आणि खोकं रिकामं होतं. एवढ्यात राज पळत आला.

"टीचर, आपली अंडी देवासमोर बसलीत."

टीचरांनी मांडवात कुंदनला गाठलं. "कुंदन, ती रिबनवाली टोपली माझी आहे."

"तुमची? मग गुप्त कशाला ठेवलंत, टीचर? आत्ता नाव जाहीर करतो."

"जाहीर नको. मला ती परत हवी आहे."

कुंदननं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी दानपेटी उचलून न्यायची परवानगी मागितली होती. "वेदीपुढं ठेवलेलं परत? पाळकसाहेबांची प्रार्थनापण झाली त्याच्यावर. आता घ्यायची तर लिलावात घ्या. नाहीतर उजागरे सरांना विचारू का?"

"नको," टीचर म्हणाल्या. "लिलावातच घेते."

एरवी लिलाव सगळ्यात शेवटी असतो. पण संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला येणाऱ्या पाहुण्यांची बस सिन्नरच्या पुढे बंद पडली होती, म्हणून पाळकसाहेबांनी लिलाव आधी उरकून घ्यायचं ठरवलं. द्राक्षं गेली, कांदे गेले, भोपळा तीनदा गेला आणि तीनदा परत आला. मग कुंदननं टोपली उचलली.

"बोला, गुप्तदान. गावरान माल, एक नंबर. बारीक गोल्टी एकपण नाही," असं म्हणत त्यानं एक अंडं उचललं आणि कानाशी धरून खुळखुळवून दाखवण्यासाठी हात वर नेला.

"हलवू नका!" टीचर ओरडल्या.

सगळा मांडव वळून बघू लागला. टीचरांनी घाईघाईनं बोली लावली, आणि घाबरल्यामुळे ती भोपळ्यापेक्षा मोठी लावली. इथून पुढे जे झालं त्याला त्याच कारण होत्या. साध्या अंड्यांसाठी शाळेची टीचर, तीही विज्ञानवाली, इतकी जिवावर उदार होते म्हटल्यावर मंडळी विचार करायला लागली.

"कडकनाथची असतील," मागच्या रांगेतून एक जण म्हणाला.

"छे हो, गुडघ्याच्या औषधाची आहेत. कच्चं प्यायचं असतं."

गुडघ्याचं नाव निघताच ज्येष्ठ मंडळींनी हात वर केले. बोली चढत गेली. टीचरांनी पैठणीतले उरलेले पैसे मनातल्या मनात पणाला लावले आणि आणखी वर गेल्या. कुंदन लासलगावच्या वेगानं पुकारत होता. एक वार, दोन वार, तीन वार. टोपली टीचरांची झाली. त्यांनी सुटकेचा श्वास घेतला आणि हात पुढे केले.

"दीपमाला टीचरांकडून परत देवाला!" कुंदननं सवयीनं पुकारलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. टीचरांचे पुढे झालेले हात तसेच राहिले. एवढ्या टाळ्यांपुढे 'नाही, मला घरी न्यायची आहे' असं म्हणायला फार मोठं धैर्य लागतं, आणि ते त्यांच्यापाशी नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून उजागरे सर उभे राहिले. सणाचा ठेवणीतला लोकरी सूट, हात मागे. "शाळेची टीचर एवढं देते, तर मॅनेजरनं मागं राहणं बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी अशी बोली लावली की गुडघेसुद्धा गप्प झाले.

आणि उजागरे सर परत देवाला म्हणाले नाहीत. "मिसेसनं केकला गावरान अंडी सांगितली होती," ते म्हणाले. "आज दुपारीच फोडायची आहेत."

केक हा शब्द ऐकून राजचा ओठ थरथरायला लागला. मेहविश सणाच्या दिवशी मुलांच्या गाण्यासाठी म्हणून आली होती. ती सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, टोपली आम्ही धरू?"

"नको. पाडाल."

"मग शाल काढू नका. त्यांना थंडी वाजते."

सरांनी भुवया चढवल्या. टीचर धावत आल्या. "सर, खाली मुंग्या आहेत. मांडीवरच धरा. आणि शालीनं तुमचेही गुडघे झाकले जातील. सकाळी गारठा आहे."

गारठा होताच. सरांनी टोपली मांडीवर घेतली, तिच्यावर शाल ओढली आणि दोन्ही हात शालीवर ठेवून ते ताठ बसले. वरून ऊन, खालून लोकरी सूट. टीव्हीच्या खोक्यात तरी यापेक्षा वेगळं काय होतं?

पाहुणे आले. बस बंद पडण्यात गेलेला वेळ त्यांनी संदेशात भरून काढायचं ठरवलेलं दिसलं. उपकारस्तुतीवर बोलत बोलत ते बऱ्याच लांब पोचले तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला. "च्युक."

पाहुणे थांबले. हसून म्हणाले, "मोबाईल जरा बंद ठेवावेत."

मांडवात सगळ्यांना माहीत होतं, की नवा मोबाईल उजागरे सरांकडे आहे. मोबाईल बंद ठेवण्याची पाटीही त्यांनीच लावली होती, पूर्ण नावानिशी. सर लाल झाले. त्यांनी कोटातून मोबाईल काढला, बंद केला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि खिशात ठेवला.

"च्युक, च्युक," मोबाईल म्हणाला.

सरांनी त्याची बॅटरीच काढली. पाहुण्यांनी हा प्रसंग आवरता घेत म्हटलं, "आपण शांतपणे प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. राज आणि मेहविशनं मिटले नाहीत. शाल हलत होती. आधी एका जागी, मग दुसऱ्या जागी. शेवटी सरांनी एक डोळा उघडला. शालीच्या कडेखालून एक ओलं, पिंजारलेलं डोकं बाहेर आलं आणि त्यानं सरांकडे टक लावून पाहिलं.

"श्शू," सर म्हणाले.

पिल्लाला तो आवाज फार आवडला. ते जोरानं ओरडलं. त्याच्या मागून आणखी दोन डोकी आली. सर पुन्हा "श्शू" म्हणाले, अधिक कडक आवाजात, आणि तिन्ही पिल्लं त्यांच्या कोटाला बिलगली. तोवर 'आमेन' झालं होतं आणि सगळा मांडव बघत होता.

दीपमाला टीचर उभ्या राहिल्या. मेहविश त्यांच्याकडे बघत होती, आणि न बोलणं खोटं असतं का, याचं उत्तर देणं आता टाळता येण्यासारखं नव्हतं.

"सर, ती गव्हाणी नव्हती," त्या म्हणाल्या. "अंडी उबवायला ठेवली होती. मुलांसाठी. चूक माझी आहे, मुलांची नाही."

उजागरे सरांनी कोटावरचं एक पिल्लू दोन बोटांनी उचललं आणि टोपलीत ठेवलं. ते लगेच परत आलं. पाळकसाहेब तोंडावर रुमाल धरून दुसरीकडे बघत होते.

"उद्या सकाळी कुलूप घेऊन येतो," सर एवढंच म्हणाले.

सोमवारी ते खरंच आले. हातात कोरं करकरीत कुलूप होतं. केकचा बेत मोडल्यावर टोपली कालच वर्गात परत आली होती, रात्रीतून उरलेली अंडीही फुटली होती आणि खोक्यात नुसता गलका चालला होता. वर्ग भिंतीला टेकून उभा होता. टीचरांनी कपाटातलं भिंग आणि चुंबक आधीच पिशवीत भरून ठेवलं होतं.

"शिस्त म्हणजे शिस्त," सर म्हणाले.

त्यांचा आवाज ऐकताच कालची तीन पिल्लं खोक्याच्या कडेवरून धडपडत बाहेर पडली आणि सरांच्या बुटापाशी येऊन उभी राहिली. सर एक पाऊल मागे सरले. पिल्लं एक पाऊल पुढे आली. सर दाराकडे गेले, पिल्लं दाराकडे गेली. सर फळ्यापर्यंत जाऊन वळले, तशी पिल्लंही ओळीनं वळली. इतकी सरळ ओळ सरांना प्रार्थनेच्या वेळी कुठल्याच वर्गाकडून कधी मिळाली नव्हती.

"सर, हळू चाला ना," मेहविश म्हणाली. "त्यांचे पाय छोटे आहेत."

सर हळू चालायला लागले. एक फेरी झाली, मग आणखी एक झाली. मग ते मुलांच्या बुटक्या बाकावर बसले आणि बराच वेळ बुटाकडे बघत राहिले.

"हे खातात काय?" त्यांनी विचारलं.

"कणी," राज म्हणाला.

"आणि रात्री? मांजर वगैरे?"

"दोन बोके हायेत की आवारात," नवसाबाई दारातून म्हणाल्या. "लय माजलेत."

सर उठले. त्यांनी नवसाबाईंकडून जाळीचा जुना खुराडा मागवला, पिल्लं आत सोडली आणि आणलेलं कोरं कुलूप त्याच्या दाराला लावून दोनदा ओढून पाहिलं. किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "रोज सकाळी मी स्वतः उघडीन," ते म्हणाले. टीचरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पिशवीतलं भिंग पुन्हा कपाटात ठेवायला लागल्या.

तिथेच घोटाळा झाला. कपाटाचं दार उघडलं आणि आतला तक्ता सरांना दिसला. मुलांनी सकाळीच येऊन रिकामी जागा भरली होती. उबवली कोणी? त्याच्यापुढे जाड स्केचपेननं, एकमतानं लिहिलेलं होतं, 'उजागरे सर'.

टीचर तक्त्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या, पण उशीर झाला होता. सरांनी त्यांना हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. चष्मा लावला. ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"लाल पेन द्या," ते म्हणाले.

टीचरांनी डोळे मिटून पेन पुढे केलं. सर वाकले आणि 'उजागरे सर' या शब्दांच्या आधी जेमतेम जी जागा उरली होती, तिथे त्यांनी बारीक, सुवाच्य अक्षरात 'श्री. शां. रा.' असं लिहिलं. मग पेनाला टोपण लावून ते टीचरांच्या हातात परत देत म्हणाले,

"नाव नेहमी पूर्ण लिहावं. मुलांना आत्तापासून सवय लागली पाहिजे."